जुन्या पुलाचा सातवा खांब

चौक, उत्तन
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

गॅब्रियल,

पत्राच्या डोक्यावर आधी क्रूस काढायचा, मग खुशाली विचारायची, ही आपल्या आवशीची पद्धत. आज मी दोन्ही करणार नाही. तू खुशाल असणारच. भरूचला कंपनीची खोली आहे, डबा आहे, नवा पूल बांधायला मिळालाय. फक्त बहिणीचा फोन तेवढा चालत नाही, कारण तो तू ब्लॉक केलायस. शेजारणीच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून कापलास. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथली पोरगी हसते, "आंटी, आजकल चिठ्ठी कौन लिखता है?" म्हटलं, मेरे भाई का कान खराब हो गया है, उसको पढ़ के ही समझता है.

तर वाच. गेल्या सोमवारी सकाळी कार्लची बोट फुटली. तुझ्या भाच्याची. जुन्या रेल्वे पुलाच्या जागेवर, सातव्या खांबाशी. भाईंदरच्या धक्क्यावरून खाडीतल्या बेटावर पाच माणसं घेऊन चालला होता. ओहोटी लागलेली, पाणी गढूळ, पण वारा नाही, लाट नाही. मधेच खालून धाडकन बसलं आणि फळ्या उघडल्या. चौघं वाचली, कार्ल वाचला, त्याच्या डाव्या पायाचं हाड मोडलंय. लवूदादा गेला.

लवूदादा आठवतो ना? बेटावरचा, भाजीवाला. बापसाचा दोस्त. तू लहान असताना तुला पाटीत बसवून धक्क्यावर फिरवायचा तो. पहाटे भाईंदरला भाजी टाकून घरी परत चालला होता. दुसऱ्या दिवशी तिवरांत सापडला. सुलूवहिनीनं कार्लच्या तोंडावर विचारलं, "माझ्या माणसाला कुठं बुडवलास?" आणि कार्ल मान खाली घालून उभा राहिला.

पोलिसांनी कार्लवर गुन्हा लावलाय. निष्काळजीपणानं बोट चालवली, माणूस मेला. दारू प्यायला होता असंही धक्क्यावर बोलतात. ज्या पोरानं नाताळात वाइनचा ग्लास नुसता ओठाला लावून खाली ठेवला, तो दारुडा झाला! गाड्या घेऊन पलीकडे वसईला जाते ना ती नवी मोठी फेरीबोट, तिच्यावर सुकाणू धरायला त्याची निवड झाली होती. एक डिसेंबरपासून. ते आता "थांबा" म्हणालेत. थांबा म्हणजे काय ते मला कळतं. शिक्षा झाली तर परवाना जाईल, आणि पाण्यावरचा परवाना गेला की कार्लला दुसरं काही येत नाही.

आता मला सांग, सातव्या खांबाशी काय होतं?

तो खांब तुम्ही पाडला होतात ना? जुना पूल तोडायचं काम तुझ्या कंपनीकडे होतं. सुपरवायझर तू होतास. पिवळी टोपी घालून धक्क्यावर मिरवायचास. गर्डर उतरवताना गावातली पोरं व्हिडिओ काढत होती आणि तू त्यांना लांब हटवत होतास. दिवाळीच्या सुमाराला काम संपलं, तेव्हा कार्लनं तुला माझ्यासमोर फोनवर विचारलं, मामा, सातव्याचं काय, तो फार रुंद होता. आणि तू म्हणालास, "सगळं तळापर्यंत साफ केलंय, डोळे झाकून जा." स्पीकर चालू होता. मी बोंबील साफ करत होते. माझ्या कानांनी ऐकलं.

पोरानं डोळे झाकले नाहीत रे. नीट उघडे ठेवून गेला.

ये आणि पोलिसांना सांग. काय ठेवलंत, कोणाच्या सांगण्यावरून ठेवलंत, सगळं. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

कार्मिन


रविवार, २३ नोव्हेंबर

गॅब्रियल,

उत्तर नाही. पाकीट मिळालं असणार. भरूच काही चंद्रावर नाही.

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आम्ही जाऊन बघून आलो. मी, कार्लचा दोस्त निकेत आणि त्याचा बापूस, निकेतच्या होडीतून. पाणी उतरत गेलं, उतरत गेलं, आणि खांबाचं टकुरं वर आलं. चांगलं बैलगाडीएवढं. वरचे दगड फोडलेले, मशीनची भोकं अजून ताजी, आणि मधे वाकडी सळई. एरवी साध्या ओहोटीला हे सगळं हातभर पाण्याखाली असतं. गढूळ पाण्यात हातभर म्हणजे नसल्यातच जमा. भरतीला वरून बोट जाते, काही लागत नाही. ओहोटीला पोट फाडतं.

साफ केलंय म्हणे तळापर्यंत! मेल्या, तुझ्या घराची फरशी अशी साफ करतोस का?

आपला आजा सांगायचा, गाडी नव्हती तेव्हा मीठ, भात, माणसं, सगळं या खाडीनं जायचं. मग हा पूल आला. मग आपल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन उत्तनहून भाईंदर स्टेशनापर्यंत चालत जायला लागल्या, कारण मच्छी गाडीनं लवकर पोचते. मग एसटी आली, मग रिक्षा, आता मेट्रोचे खांब आलेत आणि गाड्या बोटीत बसून खाडी ओलांडतात. प्रत्येक वेळी आम्हाला सांगितलं, जरा सरका, नवीन येतंय. आम्ही सरकलो. पण जुनं काढताना निदान नीट काढा. जाताना घाण आमच्या पाण्यात टाकून जाता, आणि बोट आपटली की तांडेलावर गुन्हा.

तुमच्या कंपनीचा एक पोरगा आला होता, गळ्यात पट्टा. "मॅडम, हमारा काम तो कंप्लीट हो चुका है." मी म्हटलं, चल, बस होडीत, दाखवते तुझं कंप्लीट. बसला नाही. बूट खराब होतील म्हणाला.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला झोपू देत नाही. त्या खांबाच्या फटीत एक काठी रोवलेली होती. वर तांबडं फडकं. वाचलेल्या सगळ्यांनी तीच धरली होती, म्हणून वाचली. पोलीस ती उपटून घेऊन गेले. आता धक्क्यावर एकच चर्चा, ती काठी कोणाची? कोणाची डोल, कोणाचं जाळं लागलं होतं तिथं? कोणी कबूल होत नाही. चौकपासून बेटापर्यंत सगळ्यांना विचारून झालं. निकेतवर संशय घेतात, कारण त्याची जाळी त्या बाजूला असतात. तो बिचारा शपथा घेतोय. भांडणं लागलीत गावात.

कार्लला विचारलं तर म्हणतो, "सोड ना मम्मी." पोलिसांनाही म्हणाला, माझ्या हातून झालं. त्याच्या वकीलबाई डोक्याला हात लावून बसल्यात.

तू येतोस की मी येऊ भरूचला?

कार्मिन


रविवार, ७ डिसेंबर

गॅब्या,

तर तू फोन केलास. वा. उपकार झाले.

मी मार्केटात बसले होते. हात सुरमईच्या रक्तानं भरलेले, समोर दोन गिऱ्हाइकं घासाघीस करतायत, आणि अनोळखी नंबर. तू नुसती "बाय" अशी हाक मारलीस आणि रडायला लागलास. मला वाटलं, तुझ्या शेरॉनला काही झालं. मी पोरीचं विचारणार तेवढ्यात तू म्हणालास, "ती काठी मी रोवली होती."

मला तिथं धड ओरडताही आलं नाही. सिल्व्हर पार्कची एक बाई विचारते, "मौशी, क्या हुआ, कोई ऑफ हो गया क्या?" मी म्हटलं, नाही, माझा भाऊ जिवंत आहे.

तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते.

तू म्हणालास, साहेबानं सांगितलं, मशीन दुसरीकडे लागतंय, वरचं दिसेनासं झालं ना, बास, बाकी पाण्यात राहू दे. आणि तू "हो साहेब" म्हणालास. ठीक. पोट आहे, पोरगी आहे, नोकरी आहे. यावर मी तुला एक थोबाडीत मारली असती आणि जेवायला वाढलं असतं. माझा राग त्याच्यावर नाही.

तू म्हणालास, "मला राहवलं नाही बाय, म्हणून निघायच्या दिवशी मी स्वतः काठी रोवली. पेटीतलं तांबडं फडकं बांधलं. मी खूण करून ठेवली होती."

खूण! अरे मुडद्या, कोणासाठी केलीस खूण? इंजिन ड्रायव्हरसाठी?

रेल्वेत तांबडं फडकं दिसलं की गाडी थांबते. मान्य. पण खाडीत काठीला फडकं म्हणजे काय, हे मी तुला सांगू? तांडेलाच्या पोराला? खाडीत काठी म्हणजे कोणाची तरी डोल. काठीपासून जाळं पाण्याच्या धारेत लांबवर सोडलेलं असतं. त्या बाजूनं बोट घातली तर पंख्यात जाळं गुंडाळतं आणि एखाद्याच्या घरची चूल बंद होते. म्हणून आपली माणसं काय करतात? काठीला खेटून, काठाच्या अंगानं बोट काढतात. लांबून कोणी जात नाही. काठी दिसली की तिच्याजवळ जायचं. हे बापसानं तुला शिकवलं तेव्हा तुला चड्डी धड बांधता येत नव्हती.

आणि तू त्या खांबाच्या टकुऱ्यावर काठी रोवलीस. म्हणजे तू सगळ्यांना हात करून बोलावलंस रे, या, इथून या.

कार्ल नेमका तिला खेटून गेला. कोणाचं तरी जाळं फाटू नये म्हणून. जाळं नव्हतंच. तिथं काठी नसती तर तो मधल्या धारेनं सरळ गेला असता, नेहमी जातो तसा, आणि सातवा खांब बाजूला राहिला असता. लवूदादा घरी जाऊन चहा प्यायला असता.

एखाद्या अंधेरी-दादरच्या माणसानं असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, त्याला काय कळतंय पाण्यातलं. तू कसा विसरलास? वीस वर्षं लोखंडात राहिलास आणि डोक्यात फक्त तुमची तांबडी-हिरवी झेंडी उरली? पुलाला रंग लावायला रेल्वे बापसाची होडी भाड्यानं घ्यायची, तेव्हा तू त्या रंगाऱ्यांकडे तोंड वासून बघायचास. घरी येऊन आवशीच्या चुलीपुढे सांगायचास, मी रेल्वेत जाणार. बापूस हसायचा. म्हणायचा, "जाऊ दे त्याला. पाणी काय अंगातून जात न्हाय." चुकला आपला बापूस. तुझ्या अंगातून पार गेलं. कोरडा ठणठणीत झालास तू.

आणि एवढं करून कोणाला एक शब्द सांगितला नाहीस. काठी रोवायला वेळ होता, माझ्या घरी यायला नव्हता? कामाच्या जागेवरून आपलं घर केवढं लांब आहे? "बाय, सातवा अर्धा राहिलाय, कार्लला सांग." एवढंच. एवढं एक वाक्य तोंडातून निघालं असतं तर! पण मग साहेबाला कळलं असतं. म्हणून काठीला बोलायला लावलंस.

तू विचारलंस, "आता मी काय करू?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन कापलास. पुन्हा ब्लॉक. मग विचारलंस कशाला?

काय करायचं ते तुला माहीत आहे. ये.

कार्मिन


रविवार, १४ डिसेंबर

गॅब्रियल,

आज मी कार्लला सांगितलं. चर्चमधून मिस्सावरून आलो, तो कुबडी भिंतीला लावून ओट्यावर बसला होता. मनात म्हटलं, पोराला निदान कळू दे की चूक त्याची नाही. म्हटलं, कार्ल, ती काठी मामानं रोवली होती.

तो म्हणाला, "मला माहीत आहे."

मी विचारलं, कधीपासून?

त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पाण्यात ती काठी धरून लटकला होता तेव्हा फडक्याची गाठ त्याच्या नाकासमोर होती. रंगाऱ्यांची फळी पुलाला टांगायला बापूस जी गाठ मारायचा, ती. दोन वेढे आणि उलटा पीळ. बापसानं ती तुला शिकवली, तू कार्लला शिकवलीस, आणखी कोणाला येत नाही. एका हातानं त्यानं काठी धरली होती, दुसऱ्या हातानं लवूदादाची कॉलर. पाय मोडलेला. कॉलर सुटली. आणि हे सगळं होताना पोराला कळलं होतं की हे मामाचं काम आहे.

तरी गप्प. पोलिसांपुढे गप्प, सुलूवहिनीपुढे गप्प, माझ्यापुढे गप्प. धक्क्यावर लोक त्याला दारुडा म्हणतात तेव्हाही गप्प. मी विचारलं, का रे? तर म्हणतो, "मामाला शेरॉन आहे. ती दहावीला आहे. मला कोण आहे? आणि मम्मी, काठी नसती तर आम्ही सगळे गेलो असतो ना." मी म्हटलं, गाढवा, काठी नसती तर बोट आपटलीच नसती! तो म्हणाला, "ते पण मला माहीत आहे."

मला तुझा एवढा राग कधी आला नव्हता. तू बोट सोडून गेलास तेव्हा नाही, आवशीच्या मातीला उशिरा आलास तेव्हा नाही. माझं सव्वीस वर्षांचं पोर तुला पाठीशी घालतंय आणि तू त्याच्या पाठीमागे लपून बसलायस. लाज वाटते का रे तुला थोडीतरी? की तीही तळापर्यंत साफ केलीस?

कार्लनं माझ्याकडून वचन मागितलं की मी कोणाला सांगणार नाही. मी दिलं नाही. स्वयंपाकघरात निघून गेले आणि भांडी आपटत बसले.

कार्मिन


सोमवार, २९ डिसेंबर

गॅब्रियल,

नाताळ झाला. आपल्या घरी तारा लावला नाही. नेवऱ्या केल्या नाहीत. शेजारून आलेल्या ताटांवर झाकण ठेवून दिलं.

मी सांगितलं. आधी सुलूवहिनीला, मग पोलिसांना. तुला विचारून नाही, आणि कार्लला विचारूनही नाही. तुझं नाव, भरूचचा पत्ता, सगळं लिहून दिलं. वकीलबाई सोबत होत्या. फोनवर तू साफ केलंय म्हणालास ते मी ऐकलं होतं, तेही सांगितलं. तुझ्या साहेबाचं नाव मला ठाऊक नाही, ते तू सांगायचं आहेस.

सुलूवहिनीकडे होडीनं गेले. बेटावर उतरले, त्यांच्या दारात गेले. ती वाल सोलत बसली होती. लवूदादाची पाटी अजून कोपऱ्यात उलटी ठेवलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काठीचं सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम टाकलं. बेटावरची बाई ती, काठीला खेटून जायचं हे तिला कोणी समजावून द्यायला नको. दोनदा विचारलंन, "खांबावरच रोवली?" मी म्हटलं, हो. मग कपाळावर हात मारून घेतलान.

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. ती म्हणाली, "तुझ्या पोराला मी काय काय बोलले गं. सगळ्या धक्क्यासमोर बोलले." आणि मग म्हणाली, "तुझ्या भावसाला सांग, ये. मी काय त्याला खाणार न्हाय. पण माझा माणूस कशानं मेला ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं हाय. कागदावर न्हाय. पोलिसांकडून न्हाय."

तिनं स्वतः येऊन कार्लच्या केसावरनं हात फिरवला. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. पण माझ्याशी बोलत नाही. मी मामाचं नाव दिलं म्हणून. पंधरा दिवस झाले, ताट वाढलं की घेतो, "हं" करतो. एकुलता एक पोरगा आहे माझा. तुझ्यामुळे तोही गेला की काय, असं वाटतं कधी कधी. तरी मी नाव मागे घेणार नाही.

गुन्हा अजून कार्लवरून निघालेला नाही. पोलीस म्हणतात, भावाचं म्हणणं घेतल्याशिवाय काही होणार नाही. बहीण काय, मुलासाठी काहीही बोलेल. पुढच्या सोमवारी ते भरूचला निघणार आहेत. ते येऊन तुला धरून आणतील, तर तू धरून आणलेला माणूस. त्याच्या आधी आपल्या पायांनी आलास, तर माझा भाऊ. मला कोणता पाहिजे ते विचारू नकोस, राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

आणखी एक आहे, ते तुला कळायला हवं.

तो खांब अजून तसाच आहे. मी तीन ऑफिसं फिरले. तिन्हीकडे पंखा, टेबल, चहा, आणि "हे आमच्याकडे येत नाही." आम्ही दोनदा खुणेला निळं पिंप बांधलं, दोनदा ओहोटीनं नेलं. काठी तर आता कोणी रोवूच देत नाही, माणसं काठीला घाबरायला लागलीत. खाडीत मात्र बोटी चालू आहेत, बेटावरची पोरं शाळेत जातात, बायका बाजाराला जातात. पलीकडून नवीन रेतीवाले येतात, त्यांना तर काहीच माहीत नाही.

म्हणून कार्ल जातो. प्रत्येक ओहोटीला. परवाना पोलिसांनी ठेवून घेतलाय, इंजिनाची बोट चालवता येत नाही, म्हणून निकेतची वल्ह्याची होडी घेतो. पायाचं प्लास्टर परवाच निघालंय, डॉक्टरनं जोर देऊ नको सांगितलंय. हा होडी नेतो, खांबाच्या बाजूला नांगर टाकतो आणि पाणी चढेपर्यंत तिथं बसून राहतो. बोट आली की उठून उभा राहतो आणि ओरडतो, लांबून जा, लांबून जा. सकाळची ओहोटी, संध्याकाळची ओहोटी. घसा बसलाय. मी डबा घेऊन धक्क्यावर जाते, कोणीतरी त्याच्यापर्यंत पोचवतं. कोणी त्याला सांगितलेलं नाही. मी थांब म्हटलं तर माझ्याशी बोलतच नाही.

येत्या शनिवारी पौर्णिमा आहे. संध्याकाळी मोठी ओहोटी. दुपारच्या गाडीनं निघालास आणि वसईला लोकल धरलीस तर उजेड असेपर्यंत खाडीवर पोचशील. नायगाव गेलं की जुन्या पुलाच्या बाजूच्या खिडकीत ये. मोबाइल खिशात ठेव. खाली बघ. सातव्या खांबाचं टकुरं वर आलेलं असेल, तुझं अर्धं टाकलेलं काम, आणि त्याच्याजवळ होडीत एक जण उभा असेल, एका पायावर भार टाकून. हात वर करून ओरडत असेल. गाडीच्या आवाजात तुला ऐकू येणार नाही.

भाईंदरला उतर. घरी येऊ नकोस, पोलीस स्टेशनलाही आधी जाऊ नकोस. धक्क्यावर ये, मिळेल ती होडी घे आणि त्याच्याकडे जा. तू उभा राहा तिथं. त्याला जेवायला घरी पाठव.

कार्मिन